पेशंटसोबत कोण आहे?

सेलूच्या रस्त्यावरच्या त्या नर्सिंग कॉलेजात अण्णाजी आले, तेव्हा त्यांना पाहायला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे जमले होते. अण्णाजी म्हणजे रबराचा माणूस. खोक्यातून काढला, विजेला जोडला, की श्वास घ्यायला लागला. त्याला नाडी होती, छातीत धडधड होती, बटण दाबलं की तो खोकायचा आणि कण्हायचाही. पोरींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव अण्णाजी ठेवून टाकलं. कितीही सुया टोचा, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. असा एखादा सोसणारा म्हातारा प्रत्येकीच्याच घरी होता.

मेसमध्ये स्वयंपाक करणारी धुरपताबाईही पिठाचे हात तसेच घेऊन पाहायला आली. ती हिंगणीची, साठीला टेकलेली, विधवा आणि तोंडानं फटकळ. दारातूनच तिनं अण्णाजींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की माणूस चांगला आहे, पण याच्यासोबत कोणी दिसत नाही.

पोरी खो खो हसल्या. आकांक्षा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या कॉलेजात नव्याने शिकवायला आल्या होत्या आणि त्यांच्या मनात नेमकं तेच घोळत होतं. सुई कशी टोचावी, नळी कशी घालावी, हे अण्णाजी शिकवतील. पण आपल्याकडे खाटेवरचा पेशंट एकटा असतो कधी? उशाशी बायको, पायाशी मुलगा, दाराशी दोन शेजारी, आणि पेशंट सोडून सगळे बोलत असतात. अण्णाजींना श्वास होता, पण सासू नव्हती, भाऊ नव्हता. खरं काय आणि घरच्यांनी सांगितलेलं काय, हे अण्णाजींकडून पोरी काय कपाळ शिकणार?

म्हणून मॅडमनी ठरवलं की जिवंत माणसांना पेशंट बनवून बसवायचं. नाटकच करायचं, पण खऱ्यासारखं. आधी त्यांनी नागपूरहून दोन नट बोलावून पाहिले. ते इतक्या सुरात कण्हले की शेवटी पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कानाला खडा लावला आणि चार दिवसांनी मेसमध्ये येऊन धुरपताबाईसमोर एक कागद ठेवला.

कागदावरची बाई हृदयाच्या आजाराची होती. पाय सुजलेले, दम लागतो, तिसऱ्यांदा भरती झालेली. औषध देऊनही ती पुन्हा पुन्हा का बिघडते, ते पोरींनी बोलता बोलता काढून घ्यायचं होतं. कारण कागदाच्या तळाशी लिहिलं होतं: ही बाई चोरून डब्यातलं खारवलेलं मांस खाते. कुठल्याशा परदेशी पुस्तकातून उतरवलेलं होतं ते. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं. मॅडमनी वाचून दाखवल्यावर धुरपताबाईनं लाटणं खाली ठेवलं आणि असं कोण खातं, एवढंच विचारलं. मॅडमनी कागद उलटून पाहिला.

मग धुरपताबाईच बोलली. तिच्या पाहण्यातली एक बाई होती म्हणे. तिला लघवीची गोळी दिली होती, अंगात साचलेलं पाणी निघावं म्हणून. गोळी घेतली की दोन-तीन तास घडीघडी उठावं लागतं. आणि ही बाई रोजानं निंदणाला, म्हणजे शेतातलं तण काढायला जाणारी. वावर उघडं, आजूबाजूला बैलांमागे डवरे हाकणारी पुरुषमाणसं, आडोसा म्हणाल तर एक बोरीचं झाड. शेवटी तिनं मनाशी ठरवलं की कामाला जायच्या दिवशी गोळी घ्यायची नाही. काम तर रोजच असायचं. बाजाराला निघाली, एसटीत बसायचं असलं, कोणाच्या लग्नाला जायचं असलं, तरी नाही. दवाखान्यात विचारलं की घेतो जी, बराबर घेतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली गत.

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, मग त्या बाईचं पुढे काय झालं? धुरपताबाई म्हणाली, पोळी करपून राह्यली. आणि पाठ फिरवून तव्याकडे गेली. मागाहून तिनं एवढं मात्र सांगितलं की त्या बाईच्या बाजूला कोणीतरी उभं करा, तिच्याऐवजी उत्तरं द्यायला, नाहीतर ते खरं वाटणार नाही.

बाजूला उभा राहिला कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर कैलास. त्याला त्या बाईचा मुलगा केलं. त्याचं काम सोपं होतं: नर्सनं काहीही विचारलं की आईच्या आधी बोलायचं. घेते, सगळं घेते, मी पाहतो ना. धुरपताबाईलाही मॅडमनी नियम घालून दिला. मुलगा खाटेजवळ आहे तोवर खरं बोलायचं नाही. पोरीनं त्याला बाहेर पाठवलं आणि जवळ बसून विचारलं, तरच तोंड उघडायचं. तोपर्यंत फक्त "हो जी."

धुरपताबाईचं ते "हो जी" ऐकण्यासारखं होतं. पोरी तिला दहा-दहा मिनिटं मीठ, पाणी, वजन, गोळ्या समजावून सांगायच्या, समजलं का आजी म्हणून विचारायच्या, आणि ती अशा समाधानानं हो जी म्हणायची की पोरी खूश होऊन बाहेर पडायच्या. मग मॅडम त्यांना गोल बसवायच्या आणि विचारायच्या की आजीला समजलं, हे तुम्हाला कशावरून समजलं? पोरी वह्या चाळायच्या. हळूहळू पोरी शहाण्या झाल्या. एकीनं कैलासला केसपेपर आणायला पिटाळलं. एकीनं आजीचे कपडे बदलायचे आहेत म्हटल्यावर कैलास आपल्या पायानंच लाजून पळाला.

राहिली भावना. ही आर्वीकडची, शेतकऱ्याची मुलगी. हाताला गुण असा की तिनं सुई टोचलेली वॉर्डातल्या रडक्या पोरांनाही कळायची नाही. पण भिडस्त. मेसमध्ये सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि आपल्या ताटाबरोबर दुसऱ्यांचीही दोन उचलून ठेवायची. पहिलं वर्ष तिचं काविळीत बुडालं होतं. घरच्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की आणखी एक वर्ष गेलं तर बस झालं, घरी ये. हे साऱ्या हॉस्टेलला ठाऊक होतं, आणि धुरपताबाईचा जीव तिच्यावर जरा जास्तच होता.

परीक्षेच्या दिवशी भावनानं सगळं रीतसर केलं. हात धुतले, नाव सांगितलं, नाडी पाहिली, पायाची सूज बोटानं दाबून पाहिली. मग तिनं गोळ्यांचं विचारलं. कैलासनं उत्तर दिलं. कामाचं विचारलं. कैलासनं उत्तर दिलं. दोनदा तिनं कैलासकडे वळून तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. धुरपताबाई खाटेवर पडल्या पडल्या मनात म्हणत होती, बोल ना पोरी, बोल. घंटा वाजली. भावना नापास झाली.

नंतर मॅडमनी विचारलं तर म्हणाली की तिला सगळं कळत होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाला, त्याच्या आईच्या उशापासून, बाहेर हो असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यात त्याचा अपमान नाही का? आणि केसपेपरची थाप मारायची तर खोटं तिच्या जिभेवर येत नव्हतं. मॅडम चिडल्या नाहीत. आठ दिवसांनी फेरपरीक्षा, ती शेवटची, एवढं सांगून त्यांनी वही मिटली.

फेरपरीक्षेला पेशंट नवा हवा होता, कारण निंदणाच्या बाईची गोष्ट एव्हाना कॉलेजच्या चहावाल्यालाही तोंडपाठ झाली होती. मॅडमनी झाडलोट करणाऱ्या तानाबाईला तयार केलं. तिला साखरेचा आजार, पायाची जखम महिनाभर भरत नाही, आणि का भरत नाही ते ती लपवते, असं ठरलं. धुरपताबाईनं हे ऐकलं आणि स्वतः होऊन मॅडमच्या खोलीत गेली. म्हणाली की या वेळी कैलासला राहू द्या, पेशंटसोबतची बाई मला करा. मॅडम कबूल झाल्या. तू तानाबाईची जाऊ, म्हणाल्या, पण ती काय लपवते ते तुलाही सांगणार नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी धुरपताबाई मेसच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. भावना आली, बाजूला बसली आणि न विचारता एक जुडी ओढून निवडायला लागली. मग खाली मान घालून तिनं मनातलं सांगितलं.

"मावशी, एक मागतो. उद्या तुम्ही चार-पाच मिनिटं बसा. अन् मंग चहा आणतो म्हून आपल्या मनानंच उठून जा. कोणाले समजणार नाई."

धुरपताबाईला त्या क्षणी वाटलं, त्यात काय मोठं? आयुष्यभर चहाच तर आणत आलो आपण. एक कप चहानं पोरीचं वर्ष वाचत असेल तर कोणाचं काय जातं? हो म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"भावना, ते गोळी न घेणारी बाई माही लहान बहीण होती. नलू."

 धुरपताबाई मेथीकडे पाहत बोलत राहिली. नलू तिसऱ्यांदा भरती झाली तेव्हा सोबत तीच होती. गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या नलूच्या घरी तांदळाच्या डब्यात असत, तेही तिला ठाऊक होतं. एक दिवस नर्स आली, भावनाच्याच वयाची, आणि खाटेजवळ उभी राहिली.

"तिनं नलूलेच विचारलं, गोळ्या रोज घेता का म्हून. नलूनं माह्याकडं पाह्यलं. अन् मी म्हणलं, घेते जी, मी माह्या हातानं देतो."

"काऊन म्हणलं, मावशी?"

"लाजेपायी. मागच्या खेपेले डॉक्टर बोलले होते, घरचे लक्ष देत नाई म्हून. मोठी बहीण होती न मी."

नर्सनं लिहून घेतलं. गोळी लागू पडत नाही असं समजून डॉक्टरांनी औषध वाढवलं. म्हणजे न घ्यायच्या गोळ्या तेवढ्या वाढल्या. दोन महिन्यांनी नलू गेली. याला दहा वर्षं झाली होती, आणि धुरपताबाईनं हे पोटच्या पोरालाही सांगितलेलं नव्हतं.

"ते नर्स काई वाईट नव्हती," ती म्हणाली. "तुह्यासारखीच होती, भिडेची. तिनं मले बाहेर जा म्हणलं असतं, त मी भांडली असती तिच्याशी. पण गेली असती. अन् नलू बोलली असती. आपल्या मनानं कोणीच उठत नाई, पोरी. त्याले उठवा लागते."

 हातातली जुडी भावनानं शेवटच्या काडीपर्यंत निवडली, देठं गोळा केली आणि निघून गेली. ती गेल्यावर धुरपताबाई मनात म्हणाली, आपलं पाप धुवायला आपण पोरीचं वर्ष पणाला लावलं की काय? संध्याकाळच्या भाजीत तिनं मीठ घातलंच नाही, आणि एकाही पोरीनं तिला बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तानाबाई पायाला पट्टी बांधून खाटेवर पडली आणि धुरपताबाई उशाशी स्टुलावर बसली. मॅडम कोपऱ्यात वही घेऊन होत्या. भावना आत आली, तिनं हात धुतले आणि वॉर्डात रोज विचारतात तसं विचारलं की पेशंटसोबत कोण आहे?

मी आहे, धुरपताबाई म्हणाली. आणि मग तिनं काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. पट्टी कधी बदलली, तिनं सांगितलं. जेवण काय, तिनं सांगितलं. तानाबाईनं ओठ हलवले की ही आधी बोलायची. तिला वाटत होतं आपण सोंग करतोय. पण शब्द कुठूनतरी आयते येत होते, आणि त्यांची चव तिच्या ओळखीची होती. भावनानं इन्सुलिनचं विचारलं, तेव्हा तानाबाईनं धुरपताबाईकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "घेते जी. मी माह्या हातानं देतो."

भावनाचं लिहिणं थांबलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त वेळ गेला होता.  धुरपताबाईच्या मनात आलं, उठावं. आत्ता उठून चहा आणतो म्हणावं आणि पोरीला सोडवावं. गुडघे उठायला तयारच होते. तिनं खाटेची दांडी घट्ट धरून ठेवली, उठू नये म्हणून.

भावनानं पेन खिशाला लावलं. ती खाटेला वळसा घालून या बाजूला आली, धुरपताबाईच्या स्टुलापाशी उकिडवी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, तुम्ही लय केलं यांचं. आता थोडा वेळ बाहेर बसा. मी एकटी बोलतो यांच्यासोबत."

लगेच उठायचं नाही, एकदा तरी अडून बसायचं, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. न सांगताही ती अडलीच असती.

"मी काऊन बाहेर जाऊ? मी सख्खी बहीण आहो तिची."

जाऊ म्हणायचं होतं. कोपऱ्यातल्या मॅडमनी वर पाहिलं, पण टोकलं नाही. भावनाचे डोळे भरून आले. हात मात्र तिनं काढला नाही.

"म्हूनच, मावशी. तुमच्यासमोर त्या खरं बोलल्या, त तुम्ही खोट्या पडता. त्या तुमची लाज राखून राह्यल्या."

धुरपताबाई स्टुलावर तशीच बसून राहिली. दहा वर्षं तिनं एकच मोजून ठेवलं होतं: आपण काय बोललो. नलू गप्प का राहिली, हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आपलं दुखणं झाकायला गप्प राहिली, असं धरून चालली होती. नलूची ती नजर आपल्याकडे वर आली होती, आणि मग खाली गेली होती. मोठ्या बहिणीला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, म्हणून खाली गेली होती. नलू होतीच तशी.

मग धुरपताबाई उठली. तानाबाईच्या अंगावरची चादर उगाच नीट केली आणि बाहेर आली. भावनानं तिच्यामागे दार लावून घेतलं.

बाहेर बाकडं होतं, त्यावर ती बसली. दाराशी कान लावायचा मोह झाला, तो तिनं आवरला. आतून आधी भावनाचा हलका आवाज आला. मग तानाबाईचा आवाज आला, एक शब्द, दोन शब्द, आणि पुढे तो थांबेचना. काय सांगत होती ते कळत नव्हतं. पण कोणीतरी जवळ बसून ऐकत असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही, एवढं कळत होतं.

बस लावून कैलास तिकडून आला. बाकड्यावर धुरपताबाईला रडताना पाहून तो चपापला. ती तोंडात पदर न कोंबता रडत होती, घरचं माणूस गेल्यावर रडतात तशी. कैलासला वाटलं, गेलं पोरीचं वर्ष. त्यानं हळूच विचारलं की नापास झाली का भावना?

"नाई रे," धुरपताबाई म्हणाली. "मले बाहेर काढलं पोरीनं. बराबर काढलं."